मोबाईलमधला बाबा बेटावर

आमच्या पडद्यांच्या दुकानात मागच्या खोलीत मी कापड कापते आणि धाकटी शिवते. कामाला असलेल्यांत वयानं सगळ्यात लहान, म्हणून ती धाकटी. एरवी ती एका मुलीची आई आहे. तिचा हात असा की छतापासून जमिनीपर्यंतच्या पडद्याची शिवण एका दमात सरळ जाते. डोकं मात्र असं की चहा घेऊ की कॉफी, यावर ती कप रिकामा धरून उभी राहते.

तिचा नवरा एका बेटावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मुलगी नुकती पाऊल टाकायला लागली होती तेव्हा तो गेला. येतो, येतो म्हणत राहिला. कधी सुट्टी मिळेना, कधी कामावर दुसरा माणूस मिळेना. मुलगी वाढली, घरभर गोल गोल फिरायला लागली, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. हे सगळं त्यानं मोबाईलवर पाहिलं.

मग धाकटीला कळलं की बेटं दाखवत फिरणारं एक जहाज त्याच बेटापाशी थांबतं. सकाळी थांबतं आणि संध्याकाळी निघतं. मालकीणबाईंनी रजा दिली, जहाजात जागाही मिळाली. खरा घोळ इथून पुढे सुरू झाला: त्या तेवढ्या दिवसात करायचं काय?

मालकीणबाई म्हणाल्या, "वाळूत सोड तिला. बादली आणि फावडं दे, संध्याकाळपर्यंत हूं की चूं करणार नाही."

मी म्हटलं, "आधी तिच्या दुपारच्या झोपेचं बघ. झोप हुकली की ही पोरगी जहाज डोक्यावर घेईल."

दोन्ही तिला पटलं. नवऱ्याचं वेगळंच चाललं होतं. तळाला काच लावलेली बोट, त्याचा कारखाना, घरमालकिणीकडे जेवण. त्यालाही ती हो म्हणाली. दुपारी मशीन बंद करून ती त्याच्याशी बोलायची आणि मला इच्छा नसली तरी ऐकू यायचं.

"तिला आता काय आवडतं गं?"

"मागच्या आठवड्यात कासव आवडत होतं. आता कासव म्हटलं की रडते."

"मग मी काय ठरवू?"

"मला काय विचारतोस? मीच तुला विचारणार होते!"

जहाज किनाऱ्याला लागत नाही, लांब उभं राहतं आणि छोट्या बोटीतून माणसं नेतात. त्या बोटीत बाबागाडी चालत नाही. हे कळल्यावर सगळा बेत पुन्हा उसवला. वारा जोराचा असला तर जहाज थांबतं का, असं तिनं तिकीट देणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "बहुतेक थांबतं." या 'बहुतेक'नं धाकटीची झोप उडाली. त्या दिवसांत तिनं एका गिऱ्हाइकाच्या पडद्याला अस्तर उलट लावलं.

जहाज थांबलं. पुढचं मला तिनं परत आल्यावर सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं.

भिंगरीला कडेवर घेऊन ती बोटीतून धक्क्यावर उतरली. नवरा कुठेच नव्हता. आजूबाजूची माणसं आपापल्या वाटेनं गेली, तरी नव्हता. तिनं फोन लावला.

"कुठे आहेस तू? दहा वाजले!"

"कुठले दहा? आत्ता नऊ वाजलेत. मी इंजिनाखाली आहे. हे एक काम उरकून अंघोळ करून येणार होतो."

"माझ्या घड्याळात दहा वाजलेत."

"अगं, माझ्या भिंतीवर नऊ आहेत!"

जहाजाचं घड्याळ वेगळं चालत होतं आणि बेटाचं वेगळं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलंही असेल, आणि तिला उमगलं नसेल. त्यामुळे तो अंघोळ न करता, कपडे न बदलता, होता तसा धावत आला. अंगात तेलकट डगला, हात कोपरापर्यंत काळे. भिंगरीनं आईच्या ओढणीत तोंड लपवलं.

तो उकिडवा बसला. "भिंगरी, मी बाबा."

तिनं एका डोळ्यानं त्याला नीट पाहिलं. "नाही," ती अगदी सभ्यपणे म्हणाली. "बाबा मोबाईलमध्ये असतो."

तो हसला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

धाकटीला वाटलं, चला, आता कुठेतरी जाऊ, म्हणजे पोरगी रुळेल. पण परतीची शेवटची बोट नक्की कुठल्या घड्याळानं सुटणार, यावर दोघांचं एकमत होईना. लांब जायची तिची छाती होईना. वाळू, काचेची बोट, घरमालकिणीचं जेवण, सगळं बाजूला राहिलं. तिघं धक्क्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर बसली. भिंगरी बाकाच्या पार त्या टोकाला.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आई, बाबाला फोन लाव ना. त्याला सांगायचंय, इथे एक काका आलेत."

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. लावू की नको? त्यानं 'लाव' अशी मान हलवली, उठला आणि शेडशेजारच्या तिकिटाच्या खोलीमागे गेला. तिनं फोन लावून मुलीच्या कानाला धरला.

"बाबा, आम्ही बेटावर आलो. इथे एक काका आहेत. त्यांचे हात खूप घाण आहेत."

"हो का? भीती वाटली तुला?"

"थोडीशी. तू कधी येणार?"

तो फोन कानाला तसाच धरून खोलीमागून बाहेर आला आणि म्हणाला, "आलो बघ."

आवाज फोनमधूनही आला आणि समोरूनही. भिंगरीनं फोनकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. आता ती धावत जाऊन बिलगेल असं धाकटीला वाटलं. पण तिनं भोकाड पसरलं. "आई, ह्याला परत आत घाल!"

"हसू की रडू कळेना गं मला," धाकटी मला म्हणाली. "त्याचंही तेच झालं होतं."

तो शेडबाहेरच्या नळावर गेला आणि हात धुवायला लागला. तेलाचे डाग पाण्यानं थोडेच जातात! भिंगरी रडता रडता बघत राहिली. मग हुंदके देतच उठली, आईच्या पिशवीतली साबणाची वडी काढली आणि नळाशी गेली. "असं नाही. बोटांच्या मध्ये घास," असं सांगून ती स्वतःच त्याची बोटं घासायला लागली. एकेक नख बघत होती. बेटावरचा त्यांचा उरलेला बराचसा दिवस त्या नळापाशीच गेला. मग ती पेंगली आणि ओल्या फ्रॉकनिशी आईच्याच मांडीवर झोपली.

बोट लागली तेव्हा त्यानं तिला झोपेतच उचलून घेतलं. बोटवाला घाई करत होता. तिला परत धाकटीच्या खांद्यावर ठेवताना त्यानं विचारलं, "बरं झालं ना, आलात ते?"

"मी हो म्हटलं," धाकटी म्हणाली. "मग वाटलं, नाही म्हणायला हवं होतं. तोवर बोट सुटली."

"पण भेट झाली कशी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मला नाही सांगता येणार," ती म्हणाली आणि मशीनमध्ये दोरा ओवू लागली.

काही महिन्यांनी तो तिथलं काम सोडून घरी आला. 'ये' असं धाकटीनं त्याला सांगितलं नव्हतं, 'येऊ नको' असंही नाही. भिंगरीनं दारात त्याच्या चपला कुठे ठेवायच्या ते दाखवलं. पाण्याचे पेले कुठे असतात, बाथरूमच्या दिव्याचं बटण कुठलं, कोणती खुर्ची डुगडुगते, सगळं फिरून फिरून दाखवलं. घरी आलेल्या पाहुण्याला दाखवावं तसं. पुढे कधीतरी ते थांबलं. नेमकं कधी, हे मी धाकटीला विचारलं, तर ती कितीतरी वेळ विचार करत बसली आणि तिला काही सांगता आलं नाही.