बाईचं चिलखत

माझी मुलगी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एक्स-रेचं मशीन सांभाळते. मोडलेल्या हाडात सळई बसवताना डॉक्टरांना आतलं दिसावं लागतं, ते दाखवणं हिचं काम. मशीन चालू असताना तिथल्या प्रत्येकाला शिशाचा एप्रन घालावा लागतो. काही एप्रन अंगाभोवती पूर्ण गुंडाळले जातात, ते फार जड. काही फक्त पुढून झाकतात. ते हलके, पण ते घालून मशीनकडे पाठ करायची नसते.

नोकरीला लागली तेव्हा ती जड एप्रन घालायची. घरी आली की जेवताना मान वळवता येत नसे, भाजी मागायची तर अख्खी वळायची. मी म्हटलं, सोड ही नोकरी. ती म्हणाली, "आई, नोकरी कशाला सोडू? एप्रन बदलते."

तेव्हापासून ती पुढून झाकणारा घालते. मला ते आजही पटलेलं नाही. पण तिनं नुसता एप्रन बदलला नाही, थिएटरमध्ये एक रीत पाडली. हलका एप्रन घातलेल्या कुणालाही वळायचं असलं की आधी "वळतेय" किंवा "वळतोय" असं मोठ्यानं म्हणायचं. मशीन पायाच्या पेडलवर चालतं; डॉक्टर त्यावरचा पाय उचलतात, किरणं थांबतात, मगच वळायचं. सुरुवातीला मोठे डॉक्टर हसले होते.

"मॅडम, ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडतो तसं वाटतं हे."

"म्हणून तर ट्रक भिंतीवर जात नाही, सर," ही म्हणाली.

आता ते स्वतःच विसरणाऱ्यांना दटावतात. आमच्या स्वयंपाकघरातही गरम पातेलं हातात असलं की ती "वळतेय" म्हणते आणि मी आणि हे जागच्या जागी थांबतो.

मुलगी अबोल आहे. लहानपणी पडली, लागलं, तरी सांगायची नाही. मोज्यावर रक्त दिसलं की मला कळायचं. तिचा धाकटा भाऊ उलट. त्याचं सगळं तोंडावर. इंजिनिअरिंग मध्येच सोडून तो निघाला, तेव्हा ह्यांचं आणि त्याचं कडाक्याचं भांडण झालं. "परत तोंड दाखवू नकोस," हे म्हणाले. त्यानं तो शब्द अक्षरशः पाळला. परदेशात एका शीतगृहात तो माल हलवतो. मी मेसेज केला की "ठीक" असं उत्तर येतं. फोन तो उचलत नाही.

फक्त बहिणीशी बोलतो, तेही एका खेळाच्या निमित्तानं. दोघं शाळेत असल्यापासून तो खेळ खेळतात. कॉम्प्युटरवर राक्षस, किल्ले, भुयारं. तो त्यात वैद्य आहे, जखमा बऱ्या करतो. हिचं पात्र म्हणजे एक उंच बाई. एका हातात तलवार, दुसऱ्या हातातून आग. आम्ही घरात तिला "बाई" असंच म्हणतो. सुट्टीच्या दुपारी दोघं दोन देशांत बसून खेळतात आणि खेळता खेळता बोलतात.

पूर्वी ही हेडफोन लावून खेळायची. भाऊ गेल्यावर एक दिवस तिनं तो काढला आणि आवाज खोलीत मोकळा सोडला. "कान दुखतात," एवढंच म्हणाली, आणि खोलीचं दार उघडं ठेवलं. त्या दिवसापासून सुट्टीच्या दुपारी मी तिच्या दाराशी काहीतरी निवडत बसते. हे बाहेर पेपर घेऊन बसतात. पान उलटल्याचा आवाज मात्र येत नाही.

गेल्या महिन्यात खेळ शेवटाला आला. शेवटच्या दारापाशी एक राखणदार होता, हातात घण घेतलेला. त्यांनी निवडलेल्या प्रकारात मरण एकदाच असतं. पात्र मेलं की पुसलं जातं, वर्षानुवर्षांच्या कमाईसकट. आणि मुलगा म्हणाला होता, "बाई मेली तर बास. मी खेळणं सोडलं. पहिल्यापासून सगळं करायला माझ्यात दम नाही."

खेळ संपला तर ही दुपार संपली.

दाराआधी बाईला चिलखत निवडायचं होतं. मला वाटलं होतं, सगळ्यात मजबूत ते घालायचं, त्यात काय. पण तसं नव्हतं. लोखंडी चिलखतात घणाचे चार-सहा घाव सहज सोसता येतात, पण त्यात जादू अडखळते, आग अर्धीच निघते. जादूगाराच्या झग्यात आग पूर्ण निघते, पण दोन घाव बसले की खेळ खलास. मधलं म्हणून चामड्याचं एक होतं.

"चामडं नको," मुलगी म्हणाली. "त्यात ती धड लढणार नाही आणि धड जादूही करणार नाही."

"मग लोखंड घाल," भाऊ म्हणाला.

"लोखंडात ती नुसती मार खात उभी राहील. त्याला मारणार कोण? तू? तुझ्या औषधाच्या बाटल्यांनी?"

"ताई, झगा घातलास तर मला सारखं तुझ्यावरच लक्ष ठेवावं लागेल. एक क्षण चुकलो की गेलीस."

"ठेव की मग."

"माझं नेट जातं मध्येच. माझा भरवसा नको धरूस. लोखंडात तुला माझी गरजच पडणार नाही."

मी दारातून खुणेनं तिला सांगत होते, लोखंड, लोखंड. तिनं माझ्याकडे पाहिलं. थिएटरमध्ये एप्रन निवडताना ती अशीच पाहत असेल, कारण त्या नजरेत माझ्या काळजीला जागा नव्हती.

"म्हणूनच झगा," ती म्हणाली, आणि बाईला झगा घातला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लोखंड घातलं असतं तर भाऊ असला काय आणि नसला काय. झगा घालून तिनं त्याला बांधून घेतलं होतं. मला तिचा राग आला. एवढी मोठी गोष्ट अशी एका कापडावर पणाला लावायची का, असं वाटलं.

पण लढाई चांगली चालली. तो एकसारखा तिच्याजवळ होता. "घाव आला, भरला. पुढे हो. भरला." इतका वेळ सलग त्याचा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. राखणदार गुडघ्यावर आला. तेवढ्यात मागच्या भुयारातून त्याची माणसं आली. मुलीला ती दिसली.

"वळतेय," ती म्हणाली.

आणि थांबली. पाय उचलला जाईल, किरणं बंद होतील, याची वाट पाहत थांबली. क्षणभरच असेल, पण हात माउसवर तसाच राहिला.

"काय वळतंय?" भाऊ म्हणाला. "ताई, काय म्हणालीस?"

घण खाली आला, आणि पुन्हा एकदा आला. बाई पडली. पडदा काळा होत गेला, आणि तिच्या नावाच्या जागी रेघ उरली.

मुलगी पडद्याकडे बघत राहिली. तिच्या मानेवर घाम आला होता. हे माझ्या मागे कधी येऊन उभे राहिले, मला कळलं नाही.

"मेली का?" ह्यांनी विचारलं. त्यांना हळू बोलता येत नाही.

पलीकडे खुर्ची करकरली. "बाबा आहेत तिथे?"

मुलीनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. "आहेत. आईपण आहे."

"कधीपासून?"

"तू गेल्यापासून. हेडफोन मीच काढून ठेवलाय."

मी तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. आता आवाज बंद होणार, असंच मला वाटत होतं.

"हे बरं नाही केलंस, ताई."

"माहितीये."

मग तो म्हणाला, "बाबांना सांग, मी लोखंड म्हणत होतो."

ह्यांनी घसा साफ केला. "ऐकलं मी. मीही लोखंडच म्हटलं असतं."

"मग समजवायचं ना तुम्ही हिला."

"माझं कोण ऐकतं या घरात."

तिकडून नळ सोडल्याचा, किटली भरल्याचा आवाज आला. मुलीनं नवीन पात्राचं पान उघडलं. कोरी आकृती, नाव नाही, अंगावर काही नाही. तिनं काही निवडलं नाही, हात मांडीवर ठेवून बसली.

"चहा टाकलाय," लांबून त्याचा आवाज आला. "मी येईपर्यंत सुरू करू नकोस."

हे बाहेर गेले, खुर्ची उचलून घेऊन आले आणि दारातच ठेवून बसले.