करंजीतली नोट

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या मराठी मंडळात उल्हासराव देवस्थळींना जादूगार म्हणून बोलावत, कारण ते फुकट येत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. सोमवार ते शुक्रवार ते कौन्सिलच्या पार्किंग विभागात बसत. दंड झालेले लोक कारणं लिहून पाठवत. आई आजारी होती, मशीन बंद होतं, पाचच मिनिटं उशीर झाला. उल्हासराव ती पत्रं वाचत आणि बहुतेकांना नकार कळवत. सव्वीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला टाळ्या किती गोड लागतात, ते त्याचं त्यालाच माहीत.

त्यांचा हातखंडा प्रयोग म्हणजे करंजीतली नोट. प्रेक्षकांतून कुणाची तरी वीस पौंडांची नोट मागून घ्यायची, तिचा नंबर मोठ्याने वाचून फळ्यावर लिहायला लावायचा आणि नोट सरळ जाळून टाकायची. मग ताटातली एक करंजी फोडायची आणि सारणातून तुपकट नोट बाहेर काढायची. नंबर तोच! यातली मेख अगदी साधी होती. ऑनलाइन मागवलेल्या नकली नोटांचं एक पुडकं त्यांच्याकडे होतं आणि त्या सगळ्या नोटांवर एकच नंबर छापलेला होता. खरी नोट हाती येताच कोटाच्या खिशात जाई. नंबर वाचला जाई तो नकलीचा, जळे ती नकली आणि करंजीतून निघे तीही नकलीच. शेवटी तूप पुसायच्या निमित्ताने रुमालाखाली अदलाबदल करायची आणि खरी नोट घडी घालून मालकाला परत द्यायची. करंज्या त्यांची बायको शिल्पा करायची आणि तळून झाल्यावर बुडाशी चीर देऊन नोट आत सरकवायचं कामही तीच करायची.

त्या वर्षी दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी होता. उल्हासरावांनी नोट मागितली आणि दोनशे माणसांत एकाकडेही नोट निघेना. हल्ली इथे मासळीवालासुद्धा फोनवर पैसे घेतो. लोक हसायला लागले. उल्हासरावांना घाम फुटायच्या बेतात असताना तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या आणि कमरेच्या बटव्यातून वीसची कोरी नोट काढून त्यांनी पुढे केली.

या अनुराधाबाई. प्रणवची आई. प्रणव सॉफ्टवेअरमधला, मंडळाचा धडपड्या कार्यकर्ता. वडील गेल्यावर त्याने आईला नागपुरातून सहा महिन्यांसाठी आणलं होतं. नवऱ्याच्या हयातीत ज्या बाईंनी बँकेची पायरी एकटीने चढली नव्हती, त्या इथे येऊन महिन्याभरात चौकातल्या दुकानात एकट्या जायला लागल्या होत्या. दूध आणायच्या, कोथिंबीर आणायच्या. प्रणवने ही गोष्ट निम्म्या रीडिंगला सांगितली होती. एरवी तो त्यांना सुटे पैसे देई. दिवाळीला मात्र त्याने वीसच्या पाच नोटा त्यांच्या हातात ठेवल्या आणि हव्या तशा खर्च कर म्हणाला. त्यांतलीच ही एक.

प्रयोग असा रंगला की विचारू नका. करंजी फुटली, नोट निघाली. चष्मा सावरत अनुराधाबाईंनी स्वतः फळ्यावरच्या नंबराशी तिचा नंबर ताडून पाहिला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. हॉल उभा राहिला. कुणी शिट्टी वाजवली. उल्हासरावांना उभ्या आयुष्यात अशा टाळ्या मिळाल्या नव्हत्या. त्या नादात त्यांनी नोट पुसली, घडी घातली आणि लवून त्यांच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट कपाटात लावताना खिशात खरी नोट सापडली.

शिल्पा म्हणाली, आत्ताच्या आत्ता जाऊन देऊन या, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे. त्यांनी बूटही घातले. पण मंडळाच्या व्हॉट्सॲपवर सकाळपासून एकच चर्चा चालू होती, नंबर जुळला कसा? चांगले इंजिनिअर लोक डोकी खाजवत होते. नोट परत करायची म्हणजे तो नंबर त्यांच्या नोटेचा नव्हताच हे सांगणं आलं. पंचवीस वर्षांचं गुपित त्या एका नोटेपायी कसं फोडायचं? उल्हासरावांनी बूट काढले. नोट पाकिटात घातली, वर ‘अनुराधाताई’ असं लिहिलं आणि पुढच्या भेटीत हळूच सरकवू असं ठरवलं. पुढची भेट झालीच नाही. असली कारणं रोज वाचून नकार देणाऱ्या माणसाने स्वतःचं कारण मात्र बिनबोभाट मंजूर करून टाकलं.

जानेवारीत मंडळाच्या तिळगुळाला प्रणव भेटला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. आई फेब्रुवारीपर्यंत राहणार होती, पण डिसेंबरातच तिकीट बदलून निघून गेली, म्हणाला. दिवाळीनंतर तिने घराबाहेर पाऊल टाकलं नाही. नातीशी बोलायची, त्याच्याशी मात्र तुटक वागायची. कारण विचारलं तर काही नाही म्हणायची.

“आणि काका, ती गेल्यावर ड्रॉवरमध्ये मी दिवाळीला दिलेल्या वीसच्या नोटा सापडल्या. कागदाखाली, चारच्या चार. एकही वापरली नाही तिने. माझं नक्की काय चुकलं, तेच कळत नाही मला.”

पाच नोटा होत्या, पाचवीचं काय झालं, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. पाचवी आपल्या ड्रॉवरमधल्या पाकिटात पडून आहे, हे उल्हासरावांच्या मात्र बरोबर लक्षात आलं. आईंना संक्रांतीच्या शुभेच्छा द्यायच्या आहेत असं सांगून त्यांनी नंबर घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नागपूरला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. नोट, पुडकं, नंबर, रुमाल, टाळ्या.

मग अनुराधाबाई बोलल्या. अन्वीच्या, म्हणजे नातीच्या वाढदिवसासाठी त्या रंगपेन्सिलींचा डबा घ्यायला गेल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने नोट चोळली, दिव्यासमोर धरली आणि हसून परत दिली. मागे रांग होती. तिच्या बोलण्यातला एकच शब्द त्यांना कळला, टॉय. बटव्यातली दुसरी नोट काढायचा त्यांना धीर झाला नाही. डबा तिथेच ठेवून त्या परत आल्या.

“तुमच्यावर संशय कसा येईल, भाऊ? नंबर तर मी स्वतः पाहिला होता. मला वाटलं, पोरानंच खेळण्यातल्या नोटा दिल्या. म्हातारी काय समजते, हातात काहीतरी असलं की खूश राहते. असं वाटलं मला.”

अनुराधाबाईंची नोट करंजीतून परत आली याला दोनशे लोक साक्षी होते. प्रयोग साफ फसला असता तरी चाललं असतं. तो बिनचूक वठला म्हणूनच आईचा संशय लेकावर गेला होता. मी आजच प्रणवकडे जातो आणि सगळं सांगतो, असं उल्हासराव म्हणाले.

“नाही, त्याला सांगू नका,” अनुराधाबाई म्हणाल्या. “आईच्या मनात आपल्याबद्दल असं आलं, हे त्याला कळायला नको. तुमची चूक वीस पौंडांची आहे भाऊ. माझी फार मोठी आहे. माझ्या तोंडाकडे बघून गप्प राहा.”

उल्हासरावांनी शब्द दिला. पाकीट ड्रॉवरमध्येच राहिलं. शिल्पाने एकदाच विचारलं, परत कधी विचारलं नाही.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात उल्हासरावांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की नोटांचे प्रयोग आता बंद. पत्ते, दोऱ्या, रिंगा, जे हवं ते करू. लोकांनी ओरडा केला. करंजी हवी, करंजी हवी. तेवढ्यात प्रणव उठून थेट स्टेजवर आला. त्याच्या हातात वीसची नोट होती.

“काका, एकदाच करा. आईला तो फार आवडला होता. ही त्या चारांतलीच आहे. मी शूट करून तिला पाठवतो.”

त्याने मोबाइल दुसऱ्याच्या हाती दिला आणि नोट पुढे केली. उल्हासरावांनी ती घेतली. पंचवीस वर्षांच्या सवयीने अंगठा आपसूक खिशाकडे वळला, तो त्यांनी आवरला. त्यांनी नोट उलगडली आणि दिव्यासमोर धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. हॉल चिडीचूप झाला, कारण लोकांना वाटलं प्रयोग सुरू झाला. मग त्यांनी नोटेची घडी घातली, प्रणवच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं आपल्या हाताने मिटवली.

“ही खरी आहे,” ते म्हणाले. “जपून ठेव.”

सगळा हॉल खदखदून हसला. सगळ्यांत जोरात हसला तो प्रणव.