भिंतीतून अर्धा सेकंद उशिरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण परवा सोसायटीच्या सत्यनारायणाला पुन्हा तो विषय निघाला — टीव्ही आणि सिनेमे बघून बघून माणसं कशी बधिर झाली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. या विषयावर बोलायचा मान आमच्या बिल्डिंगमध्ये माझा. गेल्या वर्षी मी त्यावर असा बोललो होतो की सेक्रेटरींच्या बायकोने डोळे पुसले.

यंदा मी म्हटलं, घसा बसलाय. बसला नव्हता.

आधी भिंतीचं सांगतो. डोंबिवलीतली आमची बिल्डिंग जुनी आहे. माझ्या हॉलची आणि शेजारच्या रेगे काकांच्या घराची भिंत एकच, आणि ती नावालाच भिंत. काकू गेल्यापासून काका एकटे राहायचे. त्यांची मुलगी मंजिरी कळव्याला असते. ती म्हणायची, माझ्याकडे चला. काका म्हणायचे, "तिथे मी पाहुणा. इथे बनियनवर बसतो, कोणी विचारत नाही." शेवटी तिने एका अटीवर हार मानली — घराची एक किल्ली साठ्यांकडे ठेवायची. साठे म्हणजे मी. ती किल्ली मी टीव्हीच्या शेजारी खिळ्याला अडकवली. लाल दोऱ्यात. टीव्ही बघताना ती दिसतेच.

शनिवारी संध्याकाळी मी आणि काका एकच मालिका बघायचो, आपापल्या घरात. खुनाच्या तपासाची. माझ्याकडे डिश, त्यांच्याकडे केबल — त्यामुळे त्यांचा आवाज मागे पडायचा. प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू यायचं. आधी माझ्या टीव्हीवर, मग अर्ध्या सेकंदाने भिंतीतून. सुरुवातीला डोकं उठायचं. मग मला त्याचा नादच लागला. मी अकाउंट्समधला माणूस, दोन गोष्टी जुळतात का हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या जुळायच्या. भिंतीतून आलेलं प्रत्येक वाक्य माझ्याकडे आधी वाजलेलं असायचं. एकदाही चुकलं नाही.

हे नीट लक्षात ठेवा. माझं सगळं त्यावर अडतंय.

त्या शनिवारी गोष्टीचा शेवटचा भाग होता. जाहिराती लागल्या, आम्ही सगळे उठतो तसे काकाही उठले असणार. जाहिराती संपल्या. पडद्यावर इन्स्पेक्टर सगळ्या कुटुंबासमोर उभा, कोणी काही बोलत नाही, नुसतं संगीत — आणि भिंतीतून आवाज आला. बादली आपटल्याचा. मग "आई गं". मग "कोण आहे का?"

माझ्या टीव्हीवर यातलं काहीही वाजलेलं नव्हतं.

वैशाली स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, काका ओरडले का?"

मी म्हटलं, "अगं, सिरियल आहे."

का म्हटलं? काका रिमोटचे सेल बदलायलाही बोलवायचे आणि मग तासभर सोडायचे नाहीत, म्हणून? तेही होतं. पण खरं कारण लहान आहे — मला खुनी कोण ते बघायचं होतं. पाच-सात मिनिटांचा प्रश्न होता. मनात म्हटलं, संपलं की जातो. पुन्हा एकदा हाक आली. मी आवाज वाढवला. हो, वाढवला. रिमोट माझ्याच हातात होता, आणि समोर खिळ्यावर किल्ली.

मालिका संपली तेव्हा भिंतीतून फक्त त्यांच्या टीव्हीचा आवाज येत होता. मग गेलो का? नाही. आता गेलो तर इतका वेळ काय करत होतात, हे कोणीतरी विचारेल — हे मला सुचलं. आवाज थांबला म्हणजे उठले असतील, असं ठरवून टाकलं. झोपलो. झोपही लागली.

सकाळी भांड्यांची बाई आमच्याकडे आली, काका दार उघडत नाहीत म्हणून. मी किल्ली काढली. काका बाथरूमच्या दारात पडलेले होते, शुद्धीवर, थंडगार. खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉलमध्ये टीव्ही चालूच होता. वैशाली रडत म्हणाली, "मी विचारलं होतं हो तुम्हाला." मी म्हटलं, मला सिरियल वाटली. आणि तिला धीर दिला तो काकांनीच, स्ट्रेचरवरून. "रडू नको गं. त्या सिरियलमध्ये दर शनिवारी कोणीतरी बोंबलतंच. ओळखणार कसं?"

हाच माझा जामीन. त्यावरच मी भाषण केलं — खोट्या किंकाळ्या ऐकून आपले कान मेले, खरी हाक ओळखू येत नाही. टाळ्या पडल्या. वैशालीने तेव्हापासून टीव्ही सोडला. खाली कुठे कोणी मोठ्याने बोललं तरी ती गॅलरीत जाऊन बघते. तिला वाटतं तिचेही कान मेले होते. तिने बरोबर ऐकलं होतं. हे माहीत असलेला मी एकटा, आणि मी गप्प आहे.

तर मी जे टाळ्या घेऊन बोललो ते खोटं आहे. टीव्हीने मला बधिर केलेलं नाही. सिनेमात एखादी मुलगी बापाला शोधत फिरली की मला अजून रडू येतं, खरंखुरं, नाक शिंकरावं लागतं. माझे कान तर इतके तल्लख होते की अर्धा सेकंद पकडायचे. खरी हाक कुठली आणि खोटी कुठली, हे त्या संध्याकाळी माझ्याइतकं स्पष्ट कोणाला कळलं असेल? कळलं, आणि मी खोटी निवडली. तिच्यासाठी उठावं लागत नाही. यात त्या पेटीचा काय दोष? मालिका चांगली होती. मी ती अजून बघतो. आणि टीव्ही बंद करून चांगलं होता येतं असं मला कोणी शिकवू नये.

काका परत आले नाहीत. वॉकर घेऊन चालतात, कळव्यालाच राहतात. घर भाड्याने दिलंय. वैशाली त्यांना भेटायला जायची, मी काही ना काही काम काढायचो. सत्यनारायणाच्या आदल्या रविवारी तिने मला ओढून नेलं. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. समोर नातवंडांची कार्टून्स. मीही कार्टून बघत बसलो. त्यांनीच विचारलं.

"साठे, तो त्या दिवशीचा खुनी कोण निघाला हो? माझं राहूनच गेलं."

"मोठा जावई," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं — इन्स्पेक्टरने पाण्याचा ग्लास कसा पुढे सरकवला, जावई काय म्हणाला, सासू कशी उठून गेली. वाक्यन् वाक्य आठवत होतं.

काका माझ्याकडे बघत राहिले. वैशाली आत मंजिरीपाशी होती.

"सगळं नीट ऐकू आलं की तुम्हाला," काका म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "सगळं."

त्यांनी मान हलवली आणि कार्टूनकडे बघायला लागले.