आग्रहाची नोकरी

पाहुणा उठायला लागला की आपण म्हणतो, "बसा हो, इतकी काय घाई?" पाहुणा पुन्हा टेकतो. आपण पुन्हा म्हणतो, तो पुन्हा टेकतो. तिसऱ्यांदा मात्र त्याला जाऊ द्यायचं असतं, आणि हे दोघांनाही ठाऊक असतं. आपली ही रीत मी एका कंपनीला शिकवली आणि त्याबद्दल बढतीही घेतली.

कंपनी बंगळूरची. मी नाशकात, कॉलेज रोडवरच्या फ्लॅटमध्ये एकटी. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी सात वर्षं नोकरी केली. आमचं अ‍ॅप एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारायचं. गोड आवाजाची एक बाई जेवलात का, औषध घेतलं का, असं विचारायची. सुरुवातीला मला हे पुण्याचं काम वाटलं. पुढे प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न उरला, माणूस अ‍ॅपवर किती वेळ थांबला? जितका थांबेल तितक्या जाहिराती. मराठी माणसं गप्पांतून लवकर उठतात, अशी तक्रार आली तेव्हा मी म्हटलं, त्यांना आग्रह करा. बाईच्या तोंडची वाक्यं मीच लिहून दिली. तिसऱ्यांदा सोडून द्यायचं हेही लिहिलं होतं, ते वरच्यांनी काढून टाकलं. मी एक मेल पाठवला आणि गप्प बसले. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की मला तिथलं वारं मानवतं.

कळवणला माझी मावशी असते. नवरा गेला, मूलबाळ नाही. आईच्या मागे मलाही तीच राहिली. तिच्या फोनवर हे अ‍ॅप मीच टाकून दिलं होतं. तिला सोबत व्हावी म्हणून, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण हे की माझा रोजचा फोन वाचावा.

संक्रांतीनंतर तिच्याकडे गेले होते. तिथे रोज संध्याकाळी पाचला दत्ताच्या देवळात बायकांचं भजन असतं आणि मावशीने ते कधी चुकवल्याचं मला माहीत नव्हतं. त्या दिवशी सव्वापाच झाले तरी ती बाहेर जायचं लुगडं नेसून, फोन हातात धरून खाटेवरच बसलेली.

"जायचं नाही का?" मी विचारलं.

"निघतेच हाय. पण ही बस म्हणते ना."

"मग म्हणू दे."

"असं कसं? एवढा आग्रह करते, मधीच उठून जाणं बरं दिसतं का? दोन महिने झाले, भजनाला जाणंच व्हत नाय. बायकांनी पण हाका मारायचं सोडलं आता."

मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. ते यंत्र आहे, त्यात माणूस नाही, ती वाक्यं मी लिहिलेली आहेत. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"यंत्र हाय ते कळतं गं मला. येडी का मी? पण बस म्हणणारं दुसरं कोण हाय?" मग म्हणाली, "तू लिवलं व्हय? तरीच. मला वाटायचं, ही बाई आपल्या घरच्यावानी कशी बोलते."

लाज म्हणजे काय ते मला चाळिशीत कळलं. अ‍ॅप काढायची सोय आम्ही मुद्दाम आडबाजूला दडवली होती. कुठे ते मला माहीत होतं, म्हणून दोन मिनिटांत ते निघालं. पुढच्या आठवड्यात मी राजीनामा दिला. ऑफिसातले म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवरून? त्यांचे फोन हळूहळू बंद झाले आणि मग लक्षात आलं, नोकरी सोडली की बोलायला कुणी उरत नाही.

आता मी देवळाली कॅम्पात एका लहानशा संस्थेत बसते. सैनिकांच्या विधवांचे हयातीचे दाखले संगणकावर भरून देते. कामाने झिजलेली बोटं मशीन ओळखत नाही. मग बोट पुसायचं, पुन्हा टेकवायचं, पुन्हा पुसायचं. अर्ध्या तासाने एक बाई सरकारदरबारी जिवंत ठरते आणि उठून घरी जाते. तिला थांबवायचं नसतं, हे मला या कामात सगळ्यात आवडतं. पण काम तीनला संपतं, आणि घरी आल्यावर माझी संध्याकाळ फार लांबते.

साडेचारला मी मावशीला फोन करते. पहिले काही आठवडे ती पाच वाजून गेले तरी माझ्याशी बोलत बसायची. भजनाचं काढलं की म्हणायची, "आता कोणत्या तोंडाने जाऊ?" एका रविवारी मी कळवणला गेले आणि भजनाला जाणाऱ्या तिच्या शेजारणीला खरं काय ते सांगितलं. अ‍ॅप कुणी बनवलं, तेसुद्धा. शेजारीण म्हणाली, "बघते मी."

परवा फोन केला तर मावशी घाईत. "ठेवते गं, शेजारीण दारात उभी हाय. आज पारायणाचं पण ठरवायचंय, लवकर बोलावलंय."

इतके दिवस मी हेच ऐकायला थांबले होते. तरी म्हणाले, "थांब ना, मी आजचं काहीच सांगितलं नाही तुला."

"उद्या सांग," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मला तिच्यासाठी फार आनंद झाला. स्वतःसाठी मात्र झाला नाही. पावणेपाचही वाजले नव्हते, आणि उद्यापर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं.