इंचाइंचाने मोजलेला सिग्नल

नागपुरात, धरमपेठेत माझी छोटी प्रयोगशाळा आहे. सिग्नल मोजण्यावर माझं पोट चालतं आणि थोडा माजही. माझं माप चुकत नाही, असं मी बेधडक सांगते.

उमरेडच्या विणकर घरातले एक गृहस्थ शहराबाहेरच्या वाडी भागात भाड्याच्या खोलीत गोदामातल्या क्रेनसाठी रिमोट बनवत होते. हातमाग सोडून दोन वर्षं त्यांनी यातच घातली होती. रिमोटचा सिग्नल सरकारने ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात बसला तरच तो विकता येणार, नाही तर काम बंद. मी बटण दाबल्यापासून सोडेपर्यंतचा अख्खा सिग्नल घेतला, त्याची बँडविड्थ, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पसारा, काढली आणि सहीनिशी लिहून दिलं: पट्टा ओलांडतो, मूळ रचनाच सदोष.

दुसऱ्या दिवशी ते रिमोट परत न्यायला आले. स्क्रीनवरचा आलेख त्यांनी बराच वेळ न्याहाळला.

"मॅडम, कापडाचं पुरं थान एकदमच मोजून राहिल्या का तुम्ही? आम्ही तं भिंग ठेवून एका-एका इंचातले धागे मोजत होतो. कुठं बिघडलं ते तसंच समजते."

मला राग आला. आता हे मला शिकवणार! त्या रागातच मी तोच सिग्नल छोट्या तुकड्यांत कापला आणि प्रत्येक तुकड्याची बँडविड्थ वेगळी काढली. तुकडा फार लहान घेतला तर फ्रिक्वेन्सी पसरट दिसते, फार मोठा घेतला तर बदल कधी झाला ते कळत नाही. मधलं माप मला पक्कं ठाऊक होतं. स्क्रीनवर एक बारीक रेघ उमटली. बटण दाबताच ती जराशी घसरत होती, मग शेवटपर्यंत सरळ. सिग्नल प्रत्येक क्षणी अरुंदच होता. सुरुवातीची घसरण मी सगळ्याच्या माथी मारली होती.

"फ्रिक्वेन्सी स्थिरावू द्या, मगच सिग्नल सोडा," मी म्हटलं. प्रोग्राममध्ये एका ओळीचा बदल. त्यांनी तो तिथंच केला, मी पुन्हा मोजलं. सिग्नल पट्ट्यात ऐसपैस बसला.

मी जुन्या अहवालावर काट मारली. "चूक माझी होती. तुमची रचना चांगली आहे."

ते हसले नाहीत. "तुमचा कागद वाचून मी सकाळीच घरमालकाले खोली सोडतो म्हणून सांगून आलो, मॅडम."

"मग आधी फोन लावा!"

त्यांनी लावला. "भाऊ, खोली कोणाले देऊ नका गा. काम जमलं माहं." त्यांचा आवाज कापत होता. 'मूळ रचनाच सदोष' लिहिताना माझा हात जरासुद्धा कापला नव्हता, याची मला लाज वाटली.