शेळीची गोष्ट
पानटपरीवरून जाताना किमामचा वास आला की मुदखेडचं घर डोळ्यांपुढे येतं. वडिलांच्या तोंडाला कायम तोच वास असायचा. रेल्वेतून निवृत्त झालेला लई हसवणारा माणूस. शेळी आणि टीसी अशा दोन्ही आवाजांत ते गोष्ट सांगायला लागले की सगळी गल्ली ओट्यावर गोळा व्हायची. मग घशाचा कॅन्सर निघाला आणि नांदेडला ऑपरेशन करून त्यांचं स्वरयंत्रच काढावं लागलं. ते घरी आले त्या दुपारी माझी पाच वर्षांची मुलगी खाटेला चिकटून म्हणाली, "आबा, शेळीची गोष्ट सांगा ना." गळ्यावरच्या पट्टीला औषधाचा उग्र वास येत होता, बाहेरून मालगाडी खडखडत चालली होती. त्यांनी उशाची पाटी ओढली आणि सावकाश लिहिलं, 'किनवटच्या गाडीत शेळीनं टीसीचं पावतीपुस्तक खाल्लं.' पाटी माझ्या हातात देऊन त्यांनी डोळ्यांनीच वाचायला सांगितलं. मी बातमी वाचावी तसं वाचलं. "असं न्हाई बाबा, आबावानी सांगा," मुलगी म्हणाली. खरं सांगायचं तर शेळीचा आवाज काढायची मला लाज वाटत होती. "आबाला आराम करू दे," असं म्हणून मी तिला बाहेर पाठवलं. वडिलांनी तळहातानं पाटी पुसून टाकली. पुढचे दोन महिने त्यांनी 'पाणी' आणि 'दुखतंय' याशिवाय काही लिहिलं नाही, आणि मग ते गेले. मुलगी आता कॉलेजात आहे, तिला त्यातलं काही आठवत नाही. जन्मभर ते आम्हाला हसवत आले. हसवायची माझी पाळी एकदाच आली होती, ती मी टाळली.