थोरल्या वहिनींची खाट

धाकट्या जावेला जे मिळे ते थोरल्या वहिनींना हवंच असे. धाकटीला चष्मा लागला, आठवड्यात वहिनींनाही अंधूक दिसू लागलं. धाकटीच्या पाठीला आराम म्हणून नवी गादी आली, तर वहिनींची पाठ त्याच रात्री धरली. दादा गेल्यावर तरी हे निवेल असं मला वाटलं होतं. उलट वाढलं.

यंदा थंडीत दोघींनाही खोकला जडला. धाकटा भाऊ परगावी, म्हणून मीच दोघींना दवाखान्यात तातडीच्या विभागात नेलं. धाकटी तापाने फणफणलेली, खोकला असा की बाकावरची माणसं सरकून बसली. वहिनी मात्र शांत. "हिच्यापेक्षा माझं बरं आहे," म्हणाल्या, तेही मध्ये दम घेत.

डॉक्टरीणबाई धाकटीला काकू म्हणाल्या आणि वहिनींना आजी. तिथेच ठिणगी पडली.

छातीच्या फोटोत दोघींनाही न्यूमोनिया निघाला.

"आजी, आज वार कोणता?"

"आधी तिला विचारा."

"गुरुवार," धाकटी म्हणाली.

"तिला सोपं विचारलंत!"

"बरं, आत्ता आपण कुठे आहोत?"

वहिनींनी पडद्याकडे, टेबलाकडे पाहिलं. "बँकेत."

मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

काकूंनी गोळ्या घेऊन घरी जायचं आणि आजींनी दाखल व्हायचं, असं ठरलं.

"ताप हिला, खोकला हिचा, आणि पडून राहायचं मी? म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात हिचं राज्य!"

"खोकल्याच्या आवाजावर मी ठरवत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काकूंचा श्वास नीट आहे, ऑक्सिजनही चांगला आहे. तुमचं वय सत्तरीपुढचं, श्वास भरभर, रक्तदाब उतरलेला, ऑक्सिजन कमी, त्यात बोलण्यात गोंधळ. घरी गेलात तर जिवावर बेतेल."

वहिनी चपला शोधू लागल्या. मी समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडले. काही उपयोग झाला नाही.

तेवढ्यात धाकटी उठली आणि समोरच्या रिकाम्या खाटेवर ऐसपैस बसली.

"डॉक्टर, ही खाट मला द्या. जाऊबाई जाऊ देत घरी. आयता चहा, आयतं जेवण, पाय चेपायला भाऊजी आहेतच."

डॉक्टरीणबाई काही बोलणार, तोच धाकटीने त्यांचा कोट मागून हळूच ओढला.

"ऊठ तिथून!" वहिनी कडाडल्या. कडाडण्यापुरताही श्वास उरला नव्हता, तरी. "घरात थोरली कोण?"

आणि एका पायात चप्पल तशीच ठेवून त्या खाटेवर आडव्या झाल्या. परिचारिकेने लगेच ऑक्सिजन लावला.

संध्याकाळी श्वास जरा सावरला. नाकावरचा मास्क वर करून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तिला सलाईन लावलं का?"

"नाही वहिनी. नुसत्या गोळ्या."

"मग ठीक आहे," म्हणाल्या, आणि मास्क स्वतःच नीट लावून घेतला.